तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

टोरव्हिक, मिनेसोटा
६ फेब्रुवारी १९८६

ऑर्लिन,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. सत्तावीस वर्षांनी भावाला पत्र लिहायचं आणि एकदम ‘प्रिय’वर उडी मारायची, हे मला बरं दिसेना. तू माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा, तेव्हा ‘चिरंजीव’ लिहिता आलं असतं. पण एकसष्ट वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला चिरंजीव काय म्हणायचं! (टकलाचं बोर्घिल्डनं कळवलं.) म्हणून नुसतं ऑर्लिन.

इकडे सगळं ठीक. आज पारा उणे अठ्ठावीस. पामरला जाऊन ऑगस्टात चार वर्षं होतील. नवऱ्यामागे मी शेत खंडानं दिलं आणि गावात चर्चमागच्या लहान घरात राहायला आले. तब्येत चांगली आहे. गुडघे नाहीत चांगले, पण ते कुणाचे असतात?

आपली चुलतबहीण बोर्घिल्ड दर नाताळाला सगळ्या नातेवाइकांना एकच पत्र छापून पाठवते, ते तुलाही येत असणार. यंदा त्यात तिच्या पित्ताशयाला दीड पान होतं आणि तुला तीन ओळी. ऑर्लिन आणि डार्लीन ॲरिझोनातलं घर विकताहेत, दोन खोल्यांच्या जागेत जाताहेत, आणि आईचा फोनोग्राफ एप्रिलअखेर एक दलाल येऊन घेऊन जाणार आहे. पित्ताशय मी वाचलं नाही.

मी त्यासाठी लिहीत नाहीये. लुई तुझा आहे, तू त्याचं काहीही कर. (तुम्ही अजून त्या फोनोग्राफला लुईच म्हणता ना? की डार्लीननं नाव बदललं?) मी लिहितेय ते तबकड्यांसाठी. त्या अडतीस आहेत, आणि त्या माझ्याकडे आहेत, कारण तू यंत्र ट्रकवर चढवलंस तेव्हा त्या माझ्या तळघरात होत्या आणि तू त्या मागितल्या नाहीस. लुईला त्याच्या स्वतःच्या बोटभर जाड तबकड्यांशिवाय दुसरं काही चालत नाही, आणि त्या तबकड्यांना लुईशिवाय दुसरं यंत्र चालत नाही. म्हणजे सत्तावीस वर्षं तुझ्याकडे घसा आहे आणि माझ्याकडे गाणी. दलालाला कदाचित दोन्ही एकत्र लागतील, म्हणून कळवलं.

मला स्वतःला काहीही नको आहे.

आर्डिस

ता.क. लुईच्या डाव्या पुढच्या पायावर आपल्या कुत्र्याचे दात उमटले होते, ते अजून आहेत का? सहज विचारते.


२७ फेब्रुवारी

ऑर्लिन,

तुझं कार्ड मिळालं. निवडुंग छान आहे. सत्तावीस वर्षांचा हिशेब चार ओळींत मिटवलास, याचं कौतुक वाटलं. आपल्या बाबांना पाच लागल्या असत्या. ‘पत्र मिळालं. दातांच्या खुणा आहेत. लुई तुला हवाय का? इकडे ऊन आहे.’

नको रे बाबा. मी कुठे ठेवू? माझी बैठकीची खोली म्हणजे पोस्टाचं तिकीट. एका बाजूला सोफा, एका बाजूला पामरची खुर्ची, आणि खिडकीकडचा कोपरा तेवढा मोकळा. तो सव्वीस इंच रुंद आहे आणि लुई तेवीस. शिवाय तिथे ऊन येत नाही, म्हणजे अक्रोडाच्या लाकडाचा रंग उडायचा नाही, पण तो मुद्दाच नाही. मला नको.

आणि विषय निघालाच आहे तर एकदा लिहूनच टाकते. १९५९चा नोव्हेंबर. आईला पोचवून आपण घरी आलो होतो. चर्चच्या बायकांनी दिलेली हॅमची सँडविचं टेबलावर होती. तू हातात टोपी धरून लुईजवळ उभा राहिलास आणि म्हणालास, “आर्डिस, हा तू घे.”

मी म्हटलं, “नको, तूच ने.”

तू म्हणालास, “आईला आवडलं असतं तुझ्याकडे राहिलेला.”

मी म्हटलं, “छे छे, माझ्याकडे जागा कुठाय!”

मग तू तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलंस. उघडलंस, ऑर्लिन. मी तीन फुटांवर होते, तुझी दाढ दिसली मला. ‘बरं, आता तू एवढं म्हणतोसच तर’ हे माझ्या ओठांवर तयार होतं. आणि तेवढ्यात तुझी चार महिन्यांची टेक्सासची बायको म्हणाली, “हनी, दोनदा नाही म्हणाली ना ती? कशाला बिचारीच्या मागे लागतोस? चल, चढवू ट्रकवर.”

आणि तू तोंड मिटलंस.

तिचा दोष मी अर्धाच धरते. तिला काय ठाऊक? पहिल्यांदा विचारतात ते रीत म्हणून, आणि नको म्हणायचं तेही रीत म्हणून. दुसऱ्यांदा हो म्हटलं तर माणूस हावरट दिसतो. तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं. टोरव्हिकमध्ये कुणी कॉफीचा दुसरा कपसुद्धा याशिवाय घेतलेला नाही. पण तू तर इथलाच ना! तू याच कॉफीवर वाढलास. बायकोला बाजूला घेऊन सांगायला किती वेळ लागला असता?

असो. जुनं झालं. लुई दलालाला दे.

आर्डिस


१९ मार्च

ऑर्लिन,

या खेपेला सहा ओळी! हात मोकळा होतोय तुझा.

‘नक्की नको? दलाल विचारतोय. त्याला तबकड्याही हव्यात. पण लुईचं चावी द्यायचं हँडल हरवलंय. ५९ साली येताना डार्लीननं नेब्रास्कात एका पेट्रोल पंपावर ट्रकची फळी उघडली, तेव्हा पडलं असणार. मी तिला तेव्हाच म्हटलं होतं.’

हँडलचं वाचून वाईट वाटलं. रस्त्यानं वस्तू पडतात खऱ्या. यावर जास्त काही लिहीत नाही.

लुईबद्दल म्हणशील तर, नको. नक्की नको. सोफा मी काढून टाकला आहे, पण तो गुडघ्यांसाठी; खोल सोफ्यातून उठवत नाही. त्यामुळे आता खोली थोडी ओकीबोकी दिसते, आणि पाहुणे विचारतात की इथे काय येणार आहे. मी म्हणते, काही नाही. हेझेल शेजारीण म्हणाली, “काही नाही येणार म्हणून एवढी पॉलिश केलीस होय जमीन?” तिचं काही मनावर घेऊ नकोस, तिला सगळ्यातच काहीतरी दिसतं.

एक गंमत सांगायची राहिली. सेंट पॉलहून एक गृहस्थ आले होते, वेंडेल प्रोहास्का म्हणून. जुन्या फोनोग्राफांचं त्यांचं मंडळ आहे, सगळे निवृत्त दंतवैद्य असावेत असं वाटलं. त्यांनी पांढरे हातमोजे घालून तबकड्या पाहिल्या आणि मग विचारलं, “आणि यंत्र कोणतं होतं?” मी आपलं वर्णन केलं. कंबरेएवढं अक्रोडाचं कपाट, राणीच्या खुर्चीसारखे बाकदार पाय, गुडघ्यावर कोरलेली पानं, समोर सोनेरी कापडावर नक्षीची जाळी, कर्णा कुठे दिसायचा नाही. त्यांनी हातमोजे काढले आणि खाली बसले. म्हणाले, “बाई, फ्रान्सच्या लुई राजाच्या धर्तीची ही पेटी मी फक्त चित्रात पाहिलीय. अशी पेटी मिनेसोटाच्या गव्हाच्या शेतात आली कशी?”

मी सांगितलं, माझ्या वडिलांनी १९२० साली घेतली. गव्हाला भाव चांगला होता, ते दुकानात साधं ओकचं मॉडेल मागायला गेले. दुकानदार म्हणाला, “हे घ्या ना, याहून भारी आहे.” बाबा नको म्हणाले. तो दुसऱ्यांदा म्हणाला, बाबा नको म्हणाले. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. मग काय करणार?

प्रोहास्का हसले नाहीत. ते झेक वंशाचे आहेत, आपल्यासारखे नॉर्वेजियन नाहीत.

ते म्हणाले की असं यंत्र त्याच्याच तबकड्यांबरोबर, त्याच घराण्यात राहिलेलं, त्यांनी आजवर ऐकलेलं नाही. दलालाच्या हाती गेलं की तबकड्या एका गावी आणि पेटी दुसऱ्या गावी, बहुधा कुणाच्या तरी दारूच्या बाटल्या ठेवायला. मी म्हटलं, माझे वडील चर्चचे डीकन होते हो. ते म्हणाले, “त्यांना तिसऱ्यांदा विचारलं असेल तर सांगता येत नाही.” म्हणजे हसले, पण उशिरा.

आता माझं दोनदा सांगून झालेलं आहे. यापुढे तुला काही विचारायचं असेल किंवा नसेल, ते तुझ्या मर्जीवर. रीत तुला माहीत आहे.

आर्डिस


९ एप्रिल

ऑर्लिन,

तीन आठवडे झाले. टपाल हरवतं कधीकधी. मी पोस्टमास्तरला विचारलं, त्यानं माझ्यादेखत पिशवी उलटी करून दाखवली.

ईस्टर होऊन गेला. तुझ्या वाटचं अंडं कुणाला दिलं नाही असं काही नाही, आम्ही हल्ली रंगवतच नाही. सोबत आईच्या बटाट्याच्या लेफ्सेची कृती पाठवतेय. डार्लीनला जमणार नाही, पण प्रयत्न करायला हरकत नाही. पोळी कागदाइतकी पातळ झाली पाहिजे.

काल बोर्घिल्डचा फोन आला होता. दलाल ३० तारखेला येणार म्हणे. मी म्हटलं, “येईना का.” ती म्हणाली, “आर्डिस, तू हो का म्हणत नाहीस?” मी म्हटलं, “मला तिसऱ्यांदा विचारलंय कुणी?” तर ती अमेरिकेत जन्मून सत्तर वर्षं झालेली बाई मला म्हणते, “हे १९८६ साल आहे.” जणू काही सालागणिक माणसाचं वळण बदलतं!

खरं म्हणजे मी पाद्रीबाबांनाही विचारलं. १९५९चे दोन नकार आणि आत्ताचे दोन मिळून चार झाले, तेव्हा तिसरी खेप होऊन गेली असं धरायचं, की आईच्या वेळचे ते वेगळे आणि आत्ताचे वेगळे? ते म्हणाले, ल्यूथरनं याबद्दल काही लिहिल्याचं आठवत नाही.

रविवारी तुमच्याकडे दोनदा फोन वाजला, डार्लीननं उचलला आणि समोरून कुणी बोललं नाही. चुकीचा नंबर असेल. असतात असे लोक.

आर्डिस


१४ एप्रिल

प्रिय ऑर्लिन,

वर काय लिहिलंय ते बघितलंस ना? मग पुढचं बसून वाच.

हँडल नेब्रास्कात पडलं नाही. ते माझ्याकडे आहे.

तुम्ही दोघं ट्रकला दोर बांधत होतात तेव्हा मी ते काढून कोटाच्या खिशात टाकलं. का, ते विचारू नकोस. मला एवढंच वाटलं की तू लुई नेतोयस तर ने, पण माझ्याशिवाय तो वाजायला नको. मला वाटलं, ॲरिझोना काय, टेक्सास काय, जिथे जाशील तिथे पोचल्यावर चावी द्यायला जाशील आणि मग मला पत्र लिहिशील की आर्डिस, हँडल कुठाय? आणि मी लिहीन, ये आणि घेऊन जा. तू आलास की मग बोलता आलं असतं. तू लिहिलंच नाहीस. तू डार्लीनला बोललास.

सत्तावीस वर्षं! ऑर्लिन, सत्तावीस वर्षं तू त्या बाईला हँडल हरवलं म्हणून ऐकवत आलास, आणि ते इकडे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावलेलं आहे. खिडकी आपोआप खाली येते, त्याला बरोबर बसतं. मी रोज सकाळी ते हातात घेते आणि रोज मला आठवतं ते कसलं आहे. तुझं मार्चचं कार्ड वाचून मला चार दिवस जेवण गेलं नाही. डार्लीनबद्दल मी बरंच वाईट बोलले असेन, पण हँडल हरवल्याचं खापर मी तिच्यावर फोडलं नव्हतं. तू फोडलंस, माझ्यामुळे.

एक सांगितलं की दुसरंही सांगावं. तबकड्या अडतीस आहेत, पण धड सदतीसच. आईची वॉल्ट्झ खराब झाली ती माझ्या हातून.

तुला वॉल्ट्झ आठवते ना? वर सगळी स्तोत्रं आणि मधे ती एक, उपासनेच्या कव्हरात घातलेली. बाबा दूध काढायला गोठ्यात गेले की आई हात पुसायची, ती लावायची आणि मला धरून टेबलाभोवती नाचत फिरायची. तुला खिडकीशी पहाऱ्याला उभं केलेलं असायचं. गोठ्याचं दार हललं की तू म्हणायचास, “आले!” आणि आई तबकडी बदलायची. बाबा आत यायचे तेव्हा स्तोत्र चालू असायचं आणि आई धापा टाकत असायची. ते म्हणायचे, “किती भक्तिभावानं ऐकतेस गं तू!” बाबांना काही कळत नव्हतं, असं मला चाळिशीपर्यंत वाटत होतं.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी मला ती ऐकायची होती. इतकी ऐकायची होती की माझं डोकं चालेना. मी गावातून हेझेलचा जुना ग्रामोफोन आणला आणि त्याच्या लोखंडी सुईखाली ती ठेवली. चालणार नाही हे मला माहीत होतं, तरी ठेवली. सुईनं करकर खरवडलं. मी अर्ध्या मिनिटात उचलली, पण तेवढ्यात सुरुवातीचं गेलं. मी ती पुसून परत कव्हरात घातली आणि आजपर्यंत कुणाला बोलले नाही.

आता हँडलही पार्सलनं पाठवते. ते लुईबरोबर दलालाला दे, नाहीतर डार्लीनला दे, तिला तुझ्या डोक्यात घालायला. पार्सल उद्या करते. आज खिडकीला दुसरं काही सापडत नाहीये.

मला लुई हवा आहे, असं मी लिहिणार नाही. लिहिता येत नाही मला. आपल्याला तसं शिकवलेलंच नाही. पण तू तिसऱ्यांदा तोंड उघडलंस तेव्हा मी काय म्हणणार होते ते तुला माहीत आहे.

तुझी,
आर्डिस


मेसा, ॲरिझोना
१९ एप्रिल

आर्डिस,

मी डार्लीन. ऑर्लिन गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसलाय. पंधरा दिवस झाले, रोज तिथे कागद-पेन घेऊन बसतो आणि संध्याकाळी कोरा कागद घेऊन आत येतो. काल मी विचारलं, “अरे लिही ना, हवाय का म्हणून!” तर म्हणतो, “दोनदा विचारून झालंय. आता तिसऱ्यांदा ती नाही म्हणाली तर ते खरंखुरं नाही असेल.” मी म्हटलं, “म्हणजे आधीची दोन खोटी होती?” तर माझ्याकडे असा बघतो की मीच खुळी आहे.

हे मला आज कळतंय, आर्डिस. लग्नाला सत्तावीस वर्षं होऊन! आमच्या टेक्सासात एकदा विचारतात. हवं तर हवं, नको तर नको, आणि मग जेवायला बसतात. या माणसाला मी लग्नानंतर पहिल्या महिन्यात दुसऱ्यांदा कॉफी विचारली नाही, तर हा वर्षभर एकच कप पीत होता!

तुझं हँडलचं पत्र मी वाचलं. तुला ठाऊक आहे, नेब्रास्कातल्या त्या पंपावर आम्ही दोनदा मुद्दाम थांबलोय? मी उन्हात गुडघ्यांवर बसून गवत चाचपलंय. त्याबद्दल तुझ्याशी बोलायचंय, पण कागदावर नाही. समोरासमोर.

हँडल पाठवू नकोस. गेलंच असेल तर परत पाठवीन. तो तिकडे येऊन घेईल.

आता नीट वाच. मी तुमच्या गावची नाही, पण सून आहे, तेव्हा माझं विचारणं धरायला हरकत नसावी. हे तिसऱ्यांदा. लुई हवाय की नको? उत्तरात एक शब्द लिही. दुसरा शब्द लिहिलास तर मी दलालाला हाक मारते.

डार्लीन


टोरव्हिक
२३ एप्रिल

हो.


१९ मे

प्रिय डार्लीन,

ऑर्लिन शनिवारी दुपारी पोचला. तोच सतरा मे, नॉर्वेचा राष्ट्रीय दिन, गावात नॉर्वेचे झेंडे लागलेले, शाळेचं बँडपथक रस्त्यातून चाललेलं, आणि त्यांच्या मागोमाग भाड्याचा ट्रक, कारण त्याला पुढे जाता येत नव्हतं. लोकांना वाटलं मिरवणुकीतलाच आहे. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

दारात उभा राहून म्हणाला, “बारीक झालीस.” मी म्हटलं, “तू नाही झालास.” मग आम्ही दोघांनीही ट्रककडे बघितलं. सत्तावीस वर्षांवर बोलायला आमच्याकडे एवढंच होतं, पण पुरलं.

लुईला तू तीन रजयांत बांधलं होतंस, त्याबद्दल फार आभारी आहे. एकही ओरखडा नाही. तिकडच्या कोरड्या हवेनं मागची एक फळी किंचित तडकलीय, पण ती भिंतीकडे जाते. कोपऱ्यात तो असा बसला की जणू घर त्याच्याभोवती बांधलंय. आत तुझे केस कुरळे करायचे रोलर सापडले, अकरा. पाठवतेय.

मी हँडल रेतीनं घासून ठेवलं होतं. ऑर्लिनच्या हातात दिलं. त्यानं उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “खिडकीचा रंग लागलाय.” मग त्यानं ते भोकात घातलं. बसलं. सत्तावीस वर्षांची चावी दिली त्यानं, हळूहळू, कान लावून. स्प्रिंग धड होती.

मी स्तोत्र काढलं होतं. तो म्हणाला, “ते राहू दे.” म्हणून वॉल्ट्झ लावली. पहिलं अर्धं मिनिट कढईत बेकन टाकल्यासारखं तडतडलं. मला वाटलं, मेलं सगळंच गेलं. आणि मग त्यातून ती आली. डार्लीन, ती आली! जाळीमागून, तशीच, आईच्या वेळची. मी आपली खुर्चीची पाठ धरून उभी. ऑर्लिनकडे बघितलं तर हा एकसष्ट वर्षांचा माणूस खिडकीशी जाऊन उभा राहिलेला, बाहेर बघत. मी विचारलं, “काय रे?” म्हणाला, “काही नाही. येतंय का कुणी बघत होतो.”

मग मला रडायला आलं. त्यालाही आलं, पण त्यानं ते ॲरिझोनाच्या धुळीवर ढकललं.

पुढचं नीट सांगते, कारण तू तिथे नव्हतीस. कॉफी झाल्यावर त्यानं टोपी घातली. हमरस्त्यावरच्या मोटेलमध्ये खोली घेतलीय म्हणाला. मी म्हटलं, “इथेच राहा की.” म्हणाला, “नको, उगाच तुला त्रास.” मी म्हटलं, “वरच्या खोलीत अंथरूण घातलेलं आहे.” म्हणाला, “छे छे, मोटेलवाल्याला सांगून ठेवलंय.” आणि दाराकडे वळला.

मी तोंड उघडलं, डार्लीन, आणि शब्द फुटेना. इतकी वर्षं मी समजत होते की वाट बघणाऱ्यालाच काय ते सोसावं लागतं. तिसऱ्यांदा विचारणाऱ्याचं मला ठाऊकच नव्हतं. ते विचारल्यावर पुढे काही उरत नाही ना! तो नाही म्हणाला तर ते नाहीच. तेव्हा मला ५९ सालचा तो दिसला, तोंड उघडं टाकून उभा असलेला, चौतीस वर्षांचा, आईला नुकतंच पोचवून आलेला. आणि मी तीन फुटांवरून त्याची दाढ बघत बसले होते.

मी विचारलं. आवाज चिरका निघाला, पण विचारलं. “ऑर्लिन, राहा ना रे इथे.”

तो म्हणाला, “बरं, आता तू एवढं म्हणतेसच तर.” आणि टोपी काढून लुईवर ठेवली. आई असती तर ओरडली असती, मी ती तिथेच राहू दिली.

आज तिसरा दिवस. तो स्वयंपाकघराच्या खिडकीसाठी लाकडाचा टेकू तासतोय. दोन झाले, दोन्ही आखूड. प्रोहास्का रविवारी त्यांच्या मंडळाच्या सात जणांना घेऊन येणार आहेत, सगळे हातमोज्यांसकट. लेफ्से मी एकटीनं करायची म्हणजे गुडघे बोलतात. आणि तुला माझ्याशी समोरासमोर बोलायचं आहे, ते मी विसरलेले नाही. खुशाल बोल. मी ऐकून घेईन, मधे तोंड घालणार नाही.

म्हणून विचारते. विमानानं ये, मिनियापोलिसला ऑर्लिन घ्यायला येईल. तुमच्यात एकदाच विचारतात हे मला आता कळलंय, पण इतक्या वर्षांचं वळण मोडत नाही, आणि या खेपेला मला मोजण्यात चूक करायची नाहीये.

डार्लीन, ये. ये ना. ये.

तुझी,
आर्डिस